मामा मरत नाही

ठाण्याच्या तहसील कचेरीला लागून असलेल्या मामलेदार मिसळीच्या बाकांवर मी कॉलेजात असल्यापासून बसत आलो आहे आणि त्यातील बहुतेक वर्षे तेथे मला कोणीही ओळखले नाही. व्यावसायिक रंगभूमीवर दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाला मिसळ खाताना कोणी ओळखावे, अशी त्याची स्वतःचीही अपेक्षा नसते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मात्र मी एका दैनंदिन मालिकेत भाचीची जमीन गिळणाऱ्या मामाचे काम स्वीकारले. तीन महिन्यांच्या आत रस्सा वाढणाऱ्या मुलापासून कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या गृहस्थांपर्यंत सगळे मला एकच प्रश्न विचारू लागले : “काय मामा, सातबारा काढायला आलात का?” कचेरी शेजारीच असल्यामुळे हा विनोद प्रत्येकाला आयता सुचत असे आणि तो आपल्यालाच प्रथम सुचला आहे, अशी प्रत्येकाची खात्री असे. मी दर वेळी हसत असे, आणि ते हसणे खोटे नव्हते हेही कबूल केले पाहिजे. चाळीस वर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली ओळख एका शिळ्या विनोदाच्या रूपाने आली म्हणून तिच्याकडे पाठ फिरवण्याइतका मी विरक्त नाही.

“सातबारा खोटं बोलत नाही” हे त्या मामाचे पालुपद. पटकथेत ते एकदाच लिहिलेले होते. वडिलांच्या जमिनीचे काय झाले असे भाची विचारते, आणि तलाठ्याला हाताशी धरून स्वतःच फेरफार करून बसलेला मामा चष्मा काढतो, उपरण्याच्या टोकाने पुसतो, पुन्हा डोळ्यांवर चढवतो आणि मगच हे वाक्य म्हणतो, एवढाच तो प्रसंग. त्यापुढच्या गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, त्यात तो भाग वर गेलेला दिसला, आणि बिचाऱ्या लेखकाला ते वाक्य लग्नात, बारशात, अगदी तेराव्याच्या जेवणातही घालावे लागले. दैनंदिन मालिकेत बारा-बारा तासांच्या शिफ्ट करून रोज बावीस मिनिटांचा मजकूर तयार करावा लागतो आणि संवाद कधीकधी मेकअप चालू असताना हातात पडतात. अशा धबडग्यात एखादी भूमिका अजरामर करण्याचा विचार कोणीही करत नसतो. घोडबंदर रस्त्यावरच्या त्या बंगल्यात आम्ही फक्त रात्री नऊच्या पॅकअपचा विचार करत असू.

नौपाड्यातील आमच्या घरात एक काचेचे कपाट आहे. त्यात सन्मानचिन्हे असतील अशा समजुतीने पाहुणे त्याच्यासमोर उभे राहतात आणि थोडे गोंधळतात, कारण आत खाकी कव्हरे घातलेले इंद्रजाल कॉमिक्सचे चारशे बारा अंक आहेत, खालच्या फळीवर अमर चित्रकथा आहेत, आणि बाजूच्या खिळ्याला दोऱ्याने एक वही अडकवलेली आहे. ही वही मी बाराव्या वर्षी सुरू केली. कोणता अंक कोणी नेला, कधी नेला आणि परत आला की नाही, याच्या नोंदी तीत आहेत. ज्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तेथे वडिलांचे बोट धरून वाचनालयात जाणाऱ्या मुलाला पुस्तक दिले की नोंद करायची असते एवढे तरी कळणारच. मालिका जोरात असताना एक पत्रकार मुलाखतीसाठी घरी आल्या होत्या. त्यांनी मला हौसेने या कपाटासमोर उभे करून छायाचित्र काढले, पण छापून आले तेव्हा कपाट कापलेले होते आणि उपरणे घेतलेला मी एकटाच उरलो होतो. मला ते छायाचित्र अपुरे वाटले. घरातील इतर सर्वांना ते फारच छान वाटले.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि १९९० मध्ये ती बंद पडली तेव्हा दोन मुलांचा बाप. मराठीत मिळाला तर मराठी, नाही तर हिंदी, तोही नाही तर इंग्रजी, या क्रमाने मी ते अंक वाचले आणि माझे इंग्रजी जेवढे काही आहे त्याचा पाया त्या तिसऱ्या पर्यायात आहे. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. पगाराच्या दिवशी एक अंक विकत आणि उरलेला महिना रद्दीवाल्याच्या दुकानात उभ्याने वाचन, असा माझा शिरस्ता होता. पहिल्याच अंकापासून या मालिकेचा नायक होता फँटम, म्हणजे अमेरिकेत ली फॉक यांनी १९३६ साली वृत्तपत्रात जन्माला घातलेला मुखवटाधारी. आमच्यासाठी तो वेताळ होता. हे नाव ज्याने कोणी निवडले, त्याने माझ्या मते अनुवादापलीकडचे काही केले, कारण चांदोबात राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा वेताळ आम्हाला आधीच ठाऊक होता आणि कोकणातून आलेल्या घरांमध्ये तर वेताळाशी नातेसंबंधच होते.

माझी आजी वेंगुर्ले तालुक्यातली. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहण्याची प्रथा आहे, कारण देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्याच्या चपलांचे तळ झिजतात, अशी तिकडे श्रद्धा आहे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण चित्रे पाहायला ती माझ्या शेजारी बसत असे. जांभळ्या कपड्यांतला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला, कमरेला दोन पिस्तुले लावलेला हा गोरा वेताळ मी तिला प्रथम दाखवला तेव्हा ती हसेल अशी माझी अपेक्षा होती. तिने चष्मा लावला, चित्रावर बोट ठेवले आणि गंभीरपणे म्हणाली, “रातचो फिरता मां? मगे बूट झिजतले हेचे.” मुखवटा, घोडा, कवटीच्या आकाराची गुहा, यांपैकी कशाचेही तिला नवल वाटले नाही. राखण करणारा आहे म्हणजे पायताण झिजणार, एवढाच तिचा हिशेब. पुढे वेशभूषेच्या चर्चांमध्ये मी अनेकदा बसलो, परंतु पात्राकडे पायांपासून पाहायला मला आजीने शिकवले. मामाच्या पायात कोल्हापुरी नको, टाच घासून एका बाजूला कललेली साधी वहाण हवी, कारण हा माणूस आयुष्यभर कचेरीच्या पायऱ्या चढला आहे, असा हट्ट मी पहिल्याच दिवशी धरला तो त्यामुळेच. कॅमेऱ्यात ती वहाण चार वर्षांत फार तर तीनदा दिसली असेल.

वेताळाच्या मारामाऱ्या मला आता फारशा आठवत नाहीत. आठवते ते त्याचे गुपित. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला एक माणूस बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, मुखवटा चढवतो, आणि तो मेला की त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो या परंपरेतला एकविसावा. जंगलातील लोकांना यातले काही माहीत नसते. त्यांच्या दृष्टीने चारशे वर्षे तोच एक जण फिरतो आहे आणि त्याला मरण नाही. गुहेतील तळघरात मात्र वीस कबरी आहेत आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या बखरींच्या रांगा आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मला ते तळघराचे चित्र पाहून घशात काही अडकल्यासारखे झाले होते. बाहेर ज्याच्या नावाचा जयघोष चालू आहे, त्याच्या घरात वीस माणसे अनामिक मरून पडली आहेत, असे काहीतरी ते होते. त्या वयात ते शब्दांत मांडता येणे शक्य नव्हते. शब्द मिळाले ते नाटकात आल्यावर, आणि तेही इंग्रजी : रिप्लेसमेंट.

नाटकाशी संबंध नसलेल्यांना सांगायला हवे की, चालत्या नाटकातील एखादा नट आजारपणामुळे, भांडणामुळे किंवा अधिक चांगले काम मिळाल्यामुळे बाहेर पडला, तर त्याच्या जागी जो उभा राहतो त्याला आमच्यात रिप्लेसमेंट म्हणतात, म्हणजे क्रियेलाही तोच शब्द आणि माणसालाही तोच. १९८१ साली मला पहिले मोठे काम मिळाले ते असे. मूळ नटानंतर आणखी दोघे ती भूमिका करून गेले होते, मी चौथा. आठ दिवसांच्या तालमीनंतर पहिला प्रयोग गडकरी रंगायतनमध्ये होता. हे नाट्यगृह उघडून तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि तलावपाळीच्या काठावर नाटक पाहायला मिळते याचे ठाणेकरांना अजून अप्रूप होते, कारण तोपर्यंत नाटक म्हणजे दादरच्या शिवाजी मंदिरापर्यंतचा लोकलचा प्रवास आणि परतीची शेवटची गाडी. कपडेपट सांभाळणाऱ्या काकांनी मला एक लांब कोट दिला. त्याच्या कॉलरच्या आत शाईने तीन आडनावे लिहिलेली होती आणि त्यांतील दोन खोडलेली होती. काकांनी माझ्यादेखत तिसरे खोडले, खाली माझे लिहिले आणि शाई वाळावी म्हणून कॉलरवर फुंकर घातली. कोटाला काखेत ज्या माणसाच्या घामाचा वास येत होता, त्याला मी कधीही भेटलेलो नव्हतो.

तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडला आणि माझ्या एण्ट्रीला टाळी पडली. प्रकाश अजून चेहऱ्यावर यायचा होता, अंधारात फक्त कोटाचा आकार दिसत होता, त्यामुळे टाळी कोणाला पडली याविषयी मला तेव्हाही संशय नव्हता. प्रयोगानंतर रंगपटात आलेल्या एका वृद्ध प्रेक्षकांनी माझा हात हातात घेतला आणि “तुम्ही पण चांगलं केलंत” असे म्हटले. त्या ‘पण’चा मला राग यायला हवा होता, आला नाही. एकविसाव्या वेताळाला जंगलातल्या एखाद्या म्हाताऱ्याने नेमके असेच म्हटले असते, फक्त त्या म्हाताऱ्याला फरक कळला नसता.

मराठी रंगभूमीवर मोठ्या भूमिका अशाच हस्ते-परहस्ते आलेल्या आहेत, आणि आपण मात्र त्यांना एकेका नावाची कुलुपे लावून ठेवतो. ‘नटसम्राट’मधला आप्पासाहेब बेलवलकर १९७० साली प्रथम डॉ. श्रीराम लागूंनी उभा केला, त्यांच्यानंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, पुढेही अनेक आले. मी दत्ता भटांचा बेलवलकर पाहिलेला आहे आणि ज्यांनी फक्त डॉक्टरांचा पाहिला, त्यांच्याशी या विषयावर बोलायचे नाही, असे मी फार पूर्वीच ठरवले आहे. त्या वादात जिंकणारा आणि हरणारा दोघेही आपापल्या तरुणपणाविषयीच बोलत असतात. याच्या अगदी उलट उदाहरण प्रभाकर पणशीकरांचे. १९६२ मध्ये आलेल्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे त्यांनी अनेक दशके, हजारो प्रयोगांत केला, आणि तेथे भूमिकेने नट बदलला नाही, तर नटानेच एका प्रयोगात फिरत्या रंगमंचावर पाच माणसे बदलली. प्रत्येक रात्री “तो मी नव्हेच” म्हणून ओळख नाकारणाऱ्या या नटाने स्वतःच्या आत्मचरित्राला ‘तोच मी’ असे नाव दिले. भूमिका आणि नट यांच्या नात्यावर याहून नेमके भाष्य मला कोणत्याही प्रबंधात सापडलेले नाही.

डॉ. काशिनाथ घाणेकरांचे नाव ठाण्यातील दुसऱ्या मोठ्या नाट्यगृहाला आहे. त्या इमारतीत प्रयोग करताना मला नेहमी थोडे अस्वस्थ वाटते. दाताचा दवाखाना चालवणारा माणूस १९६२ साली रंगमंचावर संभाजी होऊन आला आणि त्याने मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला नटासाठी वेडे व्हायला शिकवले. नाटकाच्या नावाआधी नटाचे नाव पाहून तिकीट काढण्याची सवय आपल्याला त्यांच्यापासून लागली असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. १९८६ साली अमरावतीला, दौऱ्यावर असतानाच त्यांचे निधन झाले. टाळीची तहान किती खोल असू शकते याच्या त्यांच्याविषयीच्या कथा आमच्या पिढीने नाट्यबसमध्ये रात्र-रात्र ऐकल्या आहेत, परंतु ऐकीव कथा मी येथे लिहिणार नाही. एवढेच म्हणेन की, मुखवटा काढून ठेवायला प्रत्येकाला गुहा मिळतेच असे नाही.

कोकणात दशावतारी नटांविषयी एक म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर सिंहासनावर बसलेला नट पहाटे आपलाच पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. आजी ही म्हण मी नाटकात गेल्यावर चेष्टेने म्हणत असे. मला त्या म्हणीत चेष्टेपेक्षा सोय अधिक दिसते. पेटारा स्वतः वाहावा लागला की राजेपण आपोआप उतरते.

वेताळाच्या जनकाविषयी एक गोष्ट मला फार उशिरा, पन्नाशीत कळली आणि तेव्हा मला जवळचा नातेवाईक सापडल्याचा आनंद झाला. ली फॉक हे मूळचे नाटकवाले होते. वेताळ आणि त्याच्याआधी, १९३४ साली, जादूगार मॅन्ड्रेक यांच्या रोजच्या पट्ट्या लिहीत असतानाच त्यांनी नाट्यगृहे चालवली, सुमारे तीनशे नाटकांची निर्मिती केली, त्यांतील अनेक स्वतः बसवली, आणि १९५३ च्या उन्हाळ्यात मार्लन ब्रँडो रंगभूमीवर अखेरचा उभा राहिला तो त्यांच्याच निर्मितीत. नट येतात, जातात, तारखा अडतात, आयत्या वेळी दुसऱ्याला उभे करावे लागते आणि तिकीट काढलेल्याला पात्र मात्र तेच दिसले पाहिजे, हे ज्याने रोज अनुभवले, त्यानेच पिढ्यान्‌पिढ्या माणसे बदलणारा अमर नायक कल्पिलेला आहे. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी कोठे सांगितला आहे की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. रंगपटात अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

कॉमिक्सवरील माझ्या प्रेमाकडे स्नेही मंडळी म्हातारपणीचा छंद म्हणून पाहतात, आणि मी त्यांना काही समजावून सांगत नाही, पण येथे सांगतो. अभिनयातील निम्म्या युक्त्या मी चित्रांवरून उचललेल्या आहेत. टिंकल या मुलांच्या चित्रकथा-नियतकालिकातल्या शिकारी शंभूचे डोळे वसंत हळबे यांनी टोपीखाली कायमचे झाकून टाकले होते आणि तरीही तो घाबरला आहे की फुशारक्या मारतो आहे, हे मिशा, खांदे आणि गुडघे यांवरून लांबून कळत असे. टिंकल १९८० मध्ये निघाले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि पुढे ते मुलीच्या नावाने घेत असलो तरी आधी मीच वाचत असे. बाल्कनीतल्या प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसत नाहीत, त्यामुळे शंभू हा माझ्या मते रंगभूमीचा फार मोठा शिक्षक आहे. वेताळाच्या पट्टीतही बुबुळे नसतात, फक्त पांढऱ्या दोन फटी असतात, आणि आमच्या लहानपणी ज्यांच्या चित्रांनी तो डोक्यात बसला ते साय बॅरी त्याच्याकडून राग, दया, थकवा, सगळे मानेच्या कोनातून काढून घेत.

परंतु खरी गोष्ट दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीची आहे. पहिल्या चौकटीत खलनायकाने पिस्तूल रोखलेले असते आणि मॅन्ड्रेक हात किंचित हलवतो, दुसऱ्या चौकटीत त्या पिस्तुलाचा साप झालेला असतो. साप होताना कोठेच दाखवलेला नाही. तो त्या अर्ध्या बोटाच्या कोऱ्या जागेत होतो आणि तेथे चित्रकार नसतो, लेखक नसतो, फक्त वाचणारा असतो. रंगमंचावरील विराम म्हणजे हीच कोरी पट्टी, हे मला तालमीत कोणत्याही दिग्दर्शकाने सांगितले नाही. मामाचे चष्मा काढणे, पुसणे आणि चढवणे हे सगळे मी त्या पट्टीसाठी रचलेले होते. चष्मा काढलेला मामा दुबळा, गोंधळलेला म्हातारा असे आणि चढवलेला मामा सराईत चोर. मधल्या तीन सेकंदांत काय झाले ते प्रेक्षकाने घरी बसून करायचे. लोकांना वाटले त्यांना वाक्य आवडले.

प्रसिद्धीचे म्हणाल, तर तिचे दिवस मजेचे होते. जांभळी नाक्याच्या बाजारात माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी माझ्याकडून आलेली नोट उजेडात धरून पाहायला आणि सुटे पैसे दोनदा मोजून द्यायला सुरुवात केली. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तसं काही नाही हो, पण तुमचा काय भरवसा.” त्याच सुमारास मला दहीहंडीच्या, मंगळागौरीच्या, दुकानांच्या उद्घाटनांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आणि एका गोकुळाष्टमीला मी ठाण्यात एकाच दिवशी तीन व्यासपीठांवर “सातबारा खोटं बोलत नाही” असे म्हणून जे पैसे घेतले, तेवढे नाटकात मला पूर्वी वर्षभरात मिळत नसत. याची मला लाज वाटली का, असे एका तरुण नटाने विचारले होते. अजिबात नाही. निळू फुले यांच्यासारखा संत वृत्तीचा, सेवादलात घडलेला माणूस पडद्यावर असा काही पाटील उभा करत असे की, खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना प्रत्यक्ष पाहूनही अंग चोरत. त्या भीतीला जर पावती म्हणायचे, तर भाजीवाल्या मावशींच्या दोनदा मोजलेल्या नाण्यांनाही पावतीच म्हटले पाहिजे.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे थांबली. तोपर्यंत आमचे अकराशेहून अधिक भाग झाले होते. पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा पासष्ट वर्षांवरील कोणालाही सेटवर येता येणार नाही असा नियम होता. तो आमच्या जिवाच्या काळजीपोटीच केलेला होता, पण मी सहासष्टचा होतो आणि मामाशिवाय मालिका चालणे शक्य नव्हते. जुलैमध्ये एका संध्याकाळी आम्ही जेवता जेवता पाहत असताना पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत गेली, मामांची भूमिका यापुढे अमुक अमुक साकारतील, आणि फाटकातून उपरणे घेतलेला एक अनोळखी गृहस्थ आत आला. मालिकेतील एकाही पात्राने मामाचा चेहरा बदलल्याची दखल घेतली नाही. चार वर्षे माझ्या डोळ्यांत डोळे घालून रडलेली भाचीसुद्धा त्याला पाहून पूर्वीइतकीच घाबरली. बायकोने माझ्या ताटात काही न विचारता भात वाढला, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना यावी. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, पण तोवर नवा मामा रुळला होता आणि आकडेही पडलेले नव्हते. निर्मात्यांनी हे मला फोनवर अतिशय अवघडून सांगितले. मी त्यांना वेताळाच्या तळघराविषयी काही सांगितले नाही, “बरं” म्हणालो.

त्या काळात तोंडावर मास्क बांधून बाजारात फिरताना मला कोणी ओळखत नसे आणि ते मला सुरुवातीला आवडले. वेताळ शहरात जाताना लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो, तसे. मात्र औषधाच्या दुकानात मी गोळ्यांचे नाव उच्चारले आणि रांगेतील चौघे एकदम वळले. आवाज झाकायचे राहून गेले होते. पुढे त्याच आवाजाने मला काम दिले. गेली काही वर्षे मी परदेशी ॲनिमेशनपटांतील खलनायकांचे मराठी आणि हिंदी डबिंग करतो. मार्क हॅमिल हा अमेरिकी नट १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातला, अंतराळातला कोवळा नायक म्हणून जगभर माहीत झाला, आणि तो चेहरा पुसता येईना तेव्हा १९९२ पासून बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेत जोकरला आवाज देऊन त्याने चेहऱ्याविना दुसरी अजोड भूमिका मिळवली. तोही लहानपणापासून कॉमिक्सचा भक्त. हे मला नातवाने सांगितले, आणि आजोबांना आपल्यापेक्षा कॉमिक्समधले कमी कळते या त्याच्या समजुतीला मी धक्का लावला नाही.

गणपती झाल्यानंतर नव्या मामाचा फोन आला. ऐरोलीला राहणारा, चाळिशी ओलांडलेला, एकांकिका स्पर्धांतून आलेला मुलगा. “सर, तुम्ही परत येताय असं ऐकलं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जी भीती होती ती मी १९८१ मध्ये ओळखीची करून घेतलेली होती. मी त्याला येत नसल्याचे सांगितले आणि घरी बोलावले. लोकल अजून सर्वांसाठी सुरू झालेली नव्हती, त्यामुळे तो स्कूटरवर आला, दारात उभा राहून त्याने हातांना सॅनिटायझर चोळले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. चष्मा पुसण्याचे त्याला जमत नव्हते. “मी करतो तेव्हा नुसता चष्मा पुसल्यासारखं दिसतं, सर.” नुसता चष्माच पुसला जातो आहे म्हणून तसे दिसते, हे मी त्याला सांगितले, पण त्याने काही उलगडेना. शेवटी मी उठलो, कपाट उघडले आणि मॅन्ड्रेकचा एक अंक काढून त्या दोन चौकटी त्याच्यासमोर ठेवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने बोट त्या मधल्या कोऱ्या पट्टीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही पुढचे दोन तास मामाविषयी एक शब्दही बोललो नाही. त्याच्या लहानपणी इंद्रजाल बंद होत आलेले होते, त्यामुळे त्याच्या वाट्याला हिंदी कॉमिक्समधला नागराज आला होता, आणि नागराजची पहिली चित्रे काढणारे प्रताप मुळीक आपल्या पुण्याचेच आणि अमर चित्रकथेतलेही तेच, हे त्याला ठाऊक नव्हते. जाताना त्याने तो मॅन्ड्रेकचा अंक मागितला. मी वहीत नोंद केली, त्याच्याकडून सही घेतली.

त्यानंतरच्या एका भागात त्याने चष्मा काढलाच नाही. भाचीने जमिनीचे विचारले, तो काही न बोलता तिच्याकडे पाहत राहिला, आणि चष्म्याच्या काचेवर खिडकीतला उजेड आल्यामुळे त्याचे डोळे दिसेनासे झाले, पांढऱ्या दोन फटी तेवढ्या उरल्या. मग त्याने वाक्य म्हटले. मी जेवणाचे ताट बाजूला ठेवले. “हा बरा करतो की हो,” बायको म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे पाहून गप्प बसली. मी उठून वही पाहिली. २०२० च्या सप्टेंबरमधील ती नोंद अजून उघडीच आहे. त्या वहीतल्या पाच-सहाशे नोंदींमध्ये परत न आलेले अंक एकूण नऊ आहेत आणि आठ जणांना मी आजवर आठवण केलेली आहे.